कळीचा चुना

एक्याण्णव साली केळूसच्या दवाखान्याला
सिमेंटचा गिलावा मीच केला.
थापी फिरवून फिरवून भिंतीचा आरसा केला होता.
नर्सबाई त्यात पाहून केस नीट करतात,
असं मी दारूच्या भरात सांगत फिरायचो.
बिलावर अंगठ्याएवढी सही : न्हानू विठू मेस्त्री.

आता त्याच हातात छिन्नी.
सिमेंट निघतं पत्र्यासारखं, सबंध,
आणि मागून जांभा सांडतो,
ओला, तांबडा, तपकिरीसारखा बारीक.
एका चिऱ्यात बोट घातलं,
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

तीस वर्षं खाडी जोत्यातून वर चढत होती
आणि बाहेर पडायची वाट मी लिंपून ठेवली होती.
दर गणपतीला रंग,
दर होळीला पोपडे.
लशींच्या खोलीत मीठ फुटायचं, रांगोळीसारखं.
लोक म्हणायचे, खारी हवा.
मीही म्हणायचो.

रोझालीनने काही म्हटलं नाही, आधी नुसता वास घेतला.
इनास भट्टीवाल्याची सून.
तिसऱ्या, खुबे, कालवांच्या खपल्या
अजून तीच एकटी भाजते,
कोपरापर्यंत हात पांढरे, मधे मधे भाजल्याचे गुलाबी डाग.
मग बोलली :
"मेस्त्री, तुमी भितीचा तोंड बांधून ठेवल्यात.
घाम खंयसून येतलो?"

तिने सुपातून कळी आणली.
पाण्यात सोडली तशी कळी फुत्कारली,
उकळली, वाफ झाली,
आम्ही चौघे बाप्ये मागे सरलो, ती नाही.
मग सगळं गप्प.
वर दुधावर येते तशी साय.
"शिमगो होईसर हात लावूक नको."

कनिष्ठ अभियंता पाटणकर, वय सव्वीस,
मोबाईलवर कॅलेंडर दाखवत राहिला.
मार्चअखेर बिल गेलं पाहिजे, मेस्त्री.
मी म्हटलं, साहेब, खड्ड्यातल्याला मार्च कळत नाही.

शिमगा झाला. नदीची वाळू दोनदा धुतली,
हिरड्याचं पाणी, तागाचे धागे, गूळ.
गुळाला मुंग्या आल्या.
किती निवडणार? काही मुंग्यांसकट मळला.
एक हात दिला, थांबलो.
गोणपाट भिजवून टांगले, थांबलो.
सिमेंटच्या काळात मी थांबायला विसरलो होतो,
दुसऱ्या हातापर्यंत नखं कुरतडून संपली.

नाक्यावर हसतात :
न्हानूने सरकारला तेव्हा सिमेंट लावलं,
आता चुना लावतोय.
हसू देत.
सरकारला चुना मी तेव्हाच लावला होता,
चकचकीत, विनापावतीचा.

पाटणकरला एक गोष्ट मात्र ठाऊक होती.
म्हणाला, आपण टाकलेल्या श्वासातलं काहीतरी
हा चुना ओढून घेतो
आणि हळूहळू पुन्हा दगड होतो.
म्हणजे शिंपल्याचाच परत शिंपला?
तसंच काहीसं, म्हणाला, आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

गुरुवारी दवाखाना चालूच होता, बंद कोण ठेवणार.
बाकावर तांडेलांचा पांडू, दमेकरी,
पाठ टेकायला निघाला तेव्हा मी ओरडलो, ओलं आहे!
तो कडेला सरकून बसला, भिंतीकडे तोंड करून.
एकेक श्वास शिट्टी वाजवत बाहेर यायचा,
जणू आत कुणी फटीतून दार ढकलतंय.
मी गोणपाट बाजूला केलं.
का ते विचारू नका.

रोझालीन पैशांसाठी आली. निम्मेच मिळाले.
तिने तळवा टेकवला, बराच वेळ,
ताप बघतात तसा.

खिडकीखाली एक कच्चा शिंपला गिलाव्यात राहून गेलाय,
अर्धा भाजलेला, नखाएवढा.
पाटणकर म्हणतो काढा, फोटोत दिसेल.
मी थापी धुवायला घेतली.