वीस मिनिटांत मेला माणूस

नवरी करायला मला अडीच तास लागतात.
मेला माणूस वीस मिनिटांत होतो:
फाउंडेशन दोन शेड फिकं,
डोळ्यांखाली काजळ बोटानं ओढायचं, पुसायचं नाही,
गालावर फेविकॉल, वर टिश्यू पेपर, फाडून.
रक्त म्हणजे काकवी आणि खायचा लाल रंग.
पहिल्या दिवशी रत्नदीपनं त्यात तिखट घातलं, दाट दिसावं म्हणून;
आमचे नऊ मेले बोंबलत हौदाकडं पळाले.
पिक्चरमधला सगळ्यात जिवंत शॉट तोच.

पोस्टरवर 'झोंबी' लिहिलं,
तर पाथरीहून दोन म्हातारे पैलवान आले फेटे बांधून,
फड कुठंय विचारीत.
त्यांनाही मी मारलं,
फेट्यासकट.

चुका विचाराल तर बक्कळ.
मेले एकूण अकरा, तेच सदरे बदलून परत येतात,
एका सीनमधे मुकुंद झरीकर
मुकुंद झरीकरलाच चावतो.
प्रेताच्या मनगटावर घड्याळ, अन् ते बरोबर चालतंय.
काकवीला मुंग्या लागल्या, म्हणून मेले खाजवतात.
जग संपलंय, आणि मागं कुणाच्या तरी हळदीचा डीजे.
जिनिंगचं कुत्रं घोळक्यात शेपूट हलवत फिरतं,
त्याला सगळे ओळखीचे.
हिरोईनची नर्सिंगची परीक्षा लागली,
ती अर्ध्यातच मरते, कशानं ते कळत नाही.
कथा नव्हती. सरकी होती, ढीगभर.

पण लाइटला पैसे नव्हते, म्हणून अंधार खरा आहे.
मोठ्या पिक्चरमधला अंधार निळा असतो.
मानवतला अंधार कधी निळा होता?
इथं तो काळा, तेलकट, भारनियमनाचा,
सरकीच्या वासाचा.
आणि त्यातून जो येतो तो दूधवाला गणपत असतो,
रोज 'जेवलात का ताई' म्हणणारा,
काही न विचारता अंगावर येणारा.
ह्याला खर्च येत नाही.
मी स्वतः त्याला रंगवलेलं, तरी दोन पावलं मागं सरले.

चालायचं कसं, ते मात्र कुणाला येईना.
पोरं निस्ते हात पुढं करायची, मोबाईलवर बघितल्यासारखे.
तेवढ्यात दस्तगीरचाचा कुलूप लावायला आला.
आधी प्रेसवर होता, डावा पाय पट्ट्यात गेला, मग वॉचमन.
फाटकापासून शेडपर्यंत तो आला
पाय ओढत, मान कलती, कुणाकडं न बघता.
रत्नदीप म्हणाला, असं. सगळ्यांनी अस्संच.

मला वाटलं, म्हातारा आता शिव्या देतो.
तो खाटेवर बसला आणि शिकवायला लागला:
"मरे सो लोगां कू जल्दी नै रैती, बावा.
थोडा वजन पाँव पे, बाकी का जमीन कू दे दो."
रात्रभर अकरा जण त्याच्यासारखे चालले, मुंग्या खाजवीत.
त्याला रंग लावायला गेले तर म्हणाला, रैने दे बेटी.
म्हणून पिक्चरमधे तो नाही.

दोन वर्षं झाली त्याला जाऊन.

परवा मंगल कार्यालयात, पाहुणे यायच्या आधी,
पोरांनी मोठ्या पडद्यावर पिक्चर लावला.
मी वर माडीत नवरीच्या पापण्या चिकटवत होते,
दस्तगीरचाचाची रेहाना मेंदी काढत होती, माझ्याकडंच कामाला असते.
खाली हशा: घड्याळाला, कुत्र्याला.
रेहाना कोन हातात धरून कठड्याला गेली.
फाटकातून अकरा जण आत येत होते.
ती हसली नाही, रडलीही नाही.
बघत होती, शिलाई तपासावी तसं.
म्हणाली, फेटेवाल्याला जमलं नाही.
मुकुंदभाऊला जमलंय.
मग म्हणाली, ताई, जरा मागं घ्यायला सांगा ना.
फाटकापासून.

मी वाकून खाली ओरडले.
नवरी एका डोळ्याची, मेंदी मनगटापर्यंत,
बाहेर बेंजो नाक्यावर आलेला,
आणि घड्याळवाला मेला
पुन्हा फाटकातून आत, सावकाश.