समासात

दैवशालाला पाचवा लागलाय. घाटनांदूरहून
सव्वाआठच्या जीपनं आली, वाटेत दोनदा उतरली.
"उलटी थांबना गेली मॅडम, पानी बी ठरंना."
मग आवाज खाली:
सासू गुळात घालून देते, बोराएवढी गोळी,
मठातनं आणलेली. "परसाद हाय, बाधत नाय म्हनती."
घटकाभर बरं वाटतं. "पर शिवरातीला खाल्ली व्हती
तशी ही चढना. येगळीच चढूलाली."

हे मी पुस्तकात वाचलेलं. तिनं अंगावर.

अंबाजोगाईची ओपीडी. बाहेर बहात्तर नंबर, आत एक पंखा.
म्हणाले, भांग पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते;
म्हणून चरबीत जाऊन बसते, दिवसचे दिवस.
आणि काळजात,
तुटतं ते नव्हे गं, खाटकाच्या तराजूत पडतं ते,
तिथं माणसं कामाला असतात.
एक भांग घेतो नि तिच्याहून जालीम काहीतरी करतो.
दुसरा ते निकामी करून बाहेर काढतो.
दिवस गेले की मुकादम बदलतो:
कुणाला दुप्पट पळवतो, कुणाला झोपवतो.

माझ्या वेळी चहावाला झोपला होता.
दुपारी चारचा एक कप,
पहाटे दोनपर्यंत मी कौलं मोजत.

"मंग भांगवाला?"

दोघंही पळत असावेत. पुढं कोण,
ते अजून नीट कुणी मोजलं नाही.
पोटुशीला भांग चारून मोजणार कोण?
एवढं कळलंय की वार तिला अडवत नाही,
आणि पलीकडचं काळीज अजून शिकाऊ आहे.

ती काही बोलली नाही. पदराची गाठ सोडली,
वर्तमानपत्राची पुडी वजनकाट्याशेजारी ठेवली.
"तुमीच ठिवा. सासूनं इचारलं तर म्हनते, खाल्ली."

केसपेपरवर तंबाखूचा रकाना आहे, मिसरीचा आहे,
दारूपुढं आधीच छापलेलं 'नाही'.
भांग मी समासात लिहिली, तिरकी, जागा पुरेना.
मळमळीची गोळी लिहिली.
ती खिडकीवर सोमवारपासून संपलीय, हे माहीत असून.
बाहेर मेडिकलात मिळेल, म्हणाले.
तिनं जीपचं भाडं मनात वजा केलं, मला दिसलं.
त्र्याहत्तर.

तीन वाजता ड्रॉवर उघडला,
तर पुडीला मुंग्या.
पेन घ्यायचं राहिलं. बघत बसले,
सरळ चालतात का.