मलबार गार्बल्ड

मत्रहच्या बंदरामागं, जिथं डोंगर
भट्टीतल्या विटेसारखा पाठीला टेकतो,
आमच्या गोदामात एकशे चाळीस पोती मिरी उतरली.
पोत्यांवर निळ्या शाईत छापलेलं :
मलबार गार्बल्ड, नंबर एक.

लंडनहून हिशेब तपासायला आलेला डेक्लन,
उकडलेल्या कोळंबीसारखा लाल,
म्हणाला, मॅडम तोरसकर, कागदात चूक आहे.
गार्बल्ड म्हणजे घोळ. फोन खरखरतो ना, तसं काहीतरी.
घोळ झालेला माल तुम्ही अव्वल म्हणून विकता?

मी चष्मा कपाळावर सरकवला.
सतरा वर्षं हेच टाइप करतेय.
म्हटलं, बाळा, शब्द तुझ्या घरी नांदतो,
माहेर त्याचं इकडचं. चल मागं.

मागं खल्फान.
जन्म झांझिबारचा, गुडघे बहात्तर वर्षांचे,
हातात गाडीच्या चाकाएवढी चाळण.
तिला तो म्हणतो घिर्बाल.
डेक्लननं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
आणि तिसऱ्यांदा म्हणताना थांबला.

हो, तोच.
इटलीच्या व्यापाऱ्यांनी मिरीबरोबर उचलला,
गलबतांतून खारवत, झिजत तो टेम्सला लागला.
तिथं शहरानं नेमलेला गार्बलर असे एकेकाळी :
कुठल्याही वखारीत शिरावं, पोतं सोडवावं,
काड्या, माती, उंदराच्या लेंड्या वेगळ्या काढाव्या,
आणि मगच म्हणावं, हं, आता विका.
गार्बल्ड म्हणजे निवडलेलं. स्वच्छ. शपथेवर.
(अरबांनाही तो लॅटिनकडून मिळाला असं म्हणतात.
म्हणजे माहेरालाही माहेर. असो.)

मग कुणीतरी मिरीऐवजी माणसाचं बोलणं चाळायला घेतलं.
साक्षीतलं एवढं ठेवलं, तेवढं झटकलं.
ठेवलेला दाणा न् दाणा खरा,
आणि तरी ऐकणाऱ्याला कळलं ते खोटं.
लोकांनी त्यालाही गार्बल म्हटलं.
हळूहळू चाळणारा विसरला गेला,
घोळ तेवढा राहिला त्याच्या नावावर.

आमच्याकडे माणूस पीठ चाळतो, वर्तमानपत्र चाळतो,
आणि वाचलं म्हणून सांगतो.
त्यामुळं मला यात फार नवल वाटलं नाही.

खल्फान अर्ध्या हिंदीत म्हणाला,
पिठाची चाळण वेगळी, तिचं नाव मुन्खल.
पिठात खाली पडतं ते आपलं,
मिरीत वर राहतं ते आपलं.
हात तोच, हिसका तोच.
आधी ठरवावं लागतं, कुठली बाजू ठेवायची.
डेक्लन शिंकला. सलग पाच.
कागदावरची लाल खूण त्यानं खोडली,
पण मला वाटतं, पटलं म्हणून नाही,
गोदामातून बाहेर पडायला मिळावं म्हणून.

रात्री नऊला अच्युतचा फोन, कुडाळहून.
सगळं बरं. आईची साखर जागेवर.
कपिला व्यायली, पाडी झाली.
मागच्या पडवीला पत्रे घातले.
एकही गोष्ट खोटी नसणार, मी ओळखते त्याला.
मीही सांगितलं : समुद्र छान आहे,
ऑफिसात नवा एसी आला, आज एक गोरा शिंकला.
मार्चनंतर हे गोदाम कुणाचं असेल
ते माझ्याही वरच्या थरात आलं नाही.

मग काय झालं कोण जाणे, मी म्हटलं,
अच्युत, खाली काय पडलंय ते सांग.
काय?
खालचं सांग. गाळलेलं.

कॉर्निशवर दिवे लागले होते,
एक धाऊ मचव्यासारखी डुलत होती.
तो बोलला, थोडंसंच; मध्ये वारा होता,
मध्ये आईची हाक, मध्ये नुसती खरखर,
'डॉक्टर' कळलं, 'तुला कशाला' कळलं,
बाकीचं डेक्लनच्या अर्थानं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
नखांत अजून मिऱ्याची धूळ होती.
म्हटलं, पुन्हा सांग. सावकाश.
काही निवडू नको.