यादीतलं तिसरं नाव

वकील लुले म्हणाले, बसा.
पंख्यानं उडणारी यादी कोपरानं दाबली
आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

हाव, माहीत होतं.
मोरेश्वर हेडाऊ, वय एकेचाळीस,
राहणार गोळीबार चौकाच्या मागे,
कलम तीनशे चार, भाग दोन,
वर्धा रोडच्या त्या भिंतीआड सात वर्षं दोन महिने.
पहिल्याच दिवशी सांगितलं त्यानं,
चहाचा कप हातात घेण्याआधी,
म्हणजे मला तो मागे घेता यावा.

माहीत नसतं तर बरं होतं, लुले म्हणाले.
मालकाचं अज्ञान हाही एक बचाव असतो, ताई.
उद्या कुणाच्या घरात काही झालं
तर हात त्याचा,
मान तुमची.

घरात.
दुसऱ्याच्या घरात माणूस पाठवणं, हाच तर माझा धंदा.
एप्रिल लागला की फोन खाली ठेवता येत नाही:
पंप बंद आहे, कूलरचं गवत सडलं, मोटर गुरगुरते,
बाळ झोपून नाही राहिलं, या ना बाप्पा लवकर.
नवतप्यात सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत
सगळं शहर दार उघडून उभं असतं.
तेव्हा कोणी विचारत नाही कोण येतोय.
विचारतात नंतर, अंग गार झाल्यावर.

मोटर बांधायला तो आत शिकला.
तांब्याची तार त्याच्या बोटांवरून अशी सुटते
जशा माझ्या आईच्या हातून शेवया.
दया म्हणून नाही घेतला त्याला,
मे महिन्यात वाइंडर मिळत नाही, एवढंच.
असं मी लुल्यांना सांगितलं.
खरं किती, मलाच नक्की नाही.

आणि जे नक्की माहीत आहे ते कुठल्या रकान्यात लिहू?
घरात बाई एकटी असली तर तो उंबऱ्याबाहेर थांबतो,
म्हणतो, शेजारणीला बोलवा जी.
निघताना, कुणी न मागता,
दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो.
मळकं अस्तर, थोडा भुसा, बसचं तिकीट.
धंतोलीच्या डबीरबाईंनी फोन केला,
माणूस फार सभ्य हो तुमचा,
पण ते खिशांचं काय?
सवय आहे, म्हटलं.
आणि फोन ठेवून गल्ला मोजला.
परत मोजला.
बरोबर होता.
तो समोरच होता, पान्यानं नट सोडवत.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही,
ज्याला सगळं दिसलंय त्यानं पाहू नये तसं.

खरं तर मी लुल्यांकडे गेले होते तुषारच्या भानगडीसाठी.
तुषार, वय तेवीस, पोलीस पडताळणी स्वच्छ,
शिक्का गोल, सही निळी.
मानेवाड्यात अर्थिंगची तार जोडायची राहिली त्याची.
ओल्या फरशीवर चार वर्षांची पोर,
हात कूलरच्या पत्र्याला.
वाचली.
तळवा भाजला, अजून मूठ वळत नाही.
नोटीस आली ती त्याची, माझ्या नावानं.

लुल्यांचं बोट मात्र
यादीतल्या तिसऱ्या नावावरून उठेना.
आधी हे निस्तरा, म्हणाले.
कोर्टात दुसरी बाजू हेच नाव वाचून दाखवेल.
मग एक कागद टाइप करून दिला:
मी माझी पूर्वीची शिक्षा मालकांपासून लपवून ठेवली होती.
खाली रेघ, रेघेखाली त्याचं नाव.

दुकानात आले तेव्हा लाइट गेली होती.
मोरेश्वरनं ऑइलचे हात चिंधीला पुसले,
दारातल्या उजेडात नेऊन कागद वाचला,
ओठ हलवत, दोनदा.
मला वाटलं, आता काही बोलेल.
सही कुठं करू जी, त्यानं विचारलं.

पेन सापडत नाही, मी म्हटलं.

माझ्याच कानामागे होतं ते.
त्याला दिसत होतं.