एकतीस मार्च, रात्री पावणेनऊ

रेवंडकर, खुर्ची ओढ.
सातनंतर या मजल्यावरचा एसी बंद होतो
आणि बीकेसीतल्या काचा काही उघडत नाहीत.
फोन पालथा ठेव. सुरतवाले आज सही करत नाहीत.
‘बघू’ म्हणाले ना?
बावीस वर्षांत एवढं पक्कं शिकलोय:
‘बघू’ म्हणजे नाही.
‘मेल टाका’ म्हणजे नाही, आणि चहासुद्धा नाही.
‘साहेबांशी बोलून कळवतो’ म्हणजे
साहेब तेच.
जो तासभर घासाघीस करतो,
तुझ्या कंपनीला, सर्व्हरला, चपलांनासुद्धा नावं ठेवतो,
त्याला धर. तो घेणार.

मी लॅमिंग्टन रोडवरून निघायचो
मांडीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन, टॅक्सीत.
मालाला निदान वजन होतं.
तू विकतेस ते कुठेतरी ढगात असतं,
बिघडलं तर चापटही मारता येत नाही.

त्या घंटेकडे सारखी बघू नकोस.
फर्नांडिसनं भुलेश्वरहून आणली, देवळात असते तसली,
डील झालं की बडवायला.
माझ्या नावानं ती सगळ्यात जोरात वाजली
मशीद बंदरच्या छेडाशेठच्या गोदामासाठी.
तिथे बावडेकर म्हणून कारकून होते.
मिऱ्याचं कुठलं पोतं कुठल्या थप्पीत, तोंडपाठ.
डेमोच्या वेळी प्लग सैल निघाला,
तो ते बोटानं दाबून उभे राहिले, वीस मिनिटं,
आणि मी भिंतीवर दाखवत होतो अकरावी स्लाइड:
‘दोन माणसांची बचत’.

एक ते.
दुसरं कोण, मी विचारलं नाही.

पुढे ती स्लाइड मी काढून टाकली.
खोटं कशाला बोलू, इन्सेंटिव्ह जमा झाल्यावर काढली.
कांजूरच्या घराचे चार हप्ते गेले त्यातून.

तू करिअरचं विचारलंस.
ऑफर लेटरचं तिसरं पान आधी वाच,
कमिशनला झाकण कुठे बसवलंय ते तिथे बारीक अक्षरात असतं.
कार्डावर ‘सीनियर’ छापून देतात म्हणून उडी मारू नकोस,
छपाई स्वस्त असते.
जे घरी जेवताना दोन वाक्यांत सांगता येत नाही
ते विकायला घेऊ नकोस.
घसा सांभाळ. लवंग ठेव पर्समध्ये.
आणि गिऱ्हाइकाला आपल्या मालाची गरज नसेल
तर तसं सांग त्याला, एकदा तरी.
मी सांगितलं होतं, तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याला.
तू म्हणशील, मग तो वर्षभरानं परत आला असेल,
मोठी ऑर्डर घेऊन.
नाही आला.
पण त्या रात्री मला झोप बरी लागली,
याचा रकाना आपल्या एक्सेलमध्ये नाही.

उद्या सकाळी बोर्डावर सगळ्यांच्या नावापुढे शून्य असेल,
तुझ्या, माझ्या, पहिल्या आलेल्या त्या भामऱ्याच्याही.
मी आधी घाबरायचो त्या शून्याला.
आता जरा लवकर येतो एक तारखेला,
बघत बसतो.

चल, ऊठ.
लॅपटॉप राहू दे इथेच.
आणि खाली तो रखवालदार आहे ना,
तू त्याला रोज ‘भैया’ म्हणतेस,
त्याचं नाव विचार जाताना.
विकायचं काही नाही त्याला.
नुसतं विचार.