चौदाव्या खांबापर्यंत

वर्गीस फोनवर विचारतो, कोट्टायमहून,
"भरलंय की आटलंय?"
त्याच्या ओसरीसमोर पाणीच पाणी,
नारळ वाकून वाकून तोंड बघतात त्यात,
आणि याला हवी सारसोळ्याची खाडी.
काळी. आंबूस वासाची.
जिच्यात चप्पल गेली की गेलीच.

ओहोटी आहे, मी सांगतो.
चिखलावर निवट्या उड्या मारतायत.
मग तिकडून थोडा वेळ नुसता श्वास येतो.

तो तळमजल्याला, मी तिसऱ्या.
संध्याकाळी सहाला तो खालून शिट्टी घालायचा
हुबेहूब कुकरची;
आमची सुमित्रा पाच वर्षं
गॅस बारीक करायला धावत होती.

मग बांधावरून चालणं.
डाव्या हाताला तिवरं, उजवीकडे सिडकोचं नुसतं माळरान,
आणि खांब मोजत जायचं.
चौदाव्याला तळवा टेकवायचा, मागं फिरायचं.
चौदाच का?
तो म्हणे, तुझ्या गुडघ्यामुळे.
मी म्हणे, पुढचे दिवे लागत नाहीत म्हणून.
हशा तांडेल जाळं झटकता झटकता म्हणायचा,
"दोगं बी घाबरट. फुडं कुत्री हायत."

मराठी त्यानं या बांधावरच उचललं.
"पाणी रागावलंय" म्हणायचा उधाणाला.
मी दुरुस्त केलं नाही,
आता मीही तेच म्हणतो.

एकदा तिसऱ्या खांबापासून अकराव्यापर्यंत
तो काहीच बोलला नाही.
बाराव्याला म्हणाला, "गेटला टाळं लावलं आज."
बेलापूर रोडची त्याची कंपनी,
सतरा वर्षं, पगार तीन महिने थकलेला.
मला काही सुचेना.
वारा सुटलाय, म्हणालो.
हो, म्हणाला.
चौदाव्याला दोघांनी हात लावला, दोघेही
जरा जास्तच वेळ.

आता फरशी बसवलीय. कठडा आहे.
भिंतीवर गुलाबी रोहित रंगवलेत,
रंगाऱ्यानं एकाला तीन पाय दिलेत,
मुलं त्याच्याच शेजारी फोटो काढतात.
खरे येतात तेव्हा लांबच असतात,
वाळत टाकलेल्या पातळासारखे.

गेल्या आठवड्यात वर्गीसनं फर्मान काढलं,
"खांब मोज. आहेत ना सगळे?"
मोजले.
एकोणीस.
"चूक. चौदा."
परत मोजले, ऊन डोक्यावर घेऊन. एकोणीसच.
"मग पाच नवे लावले असतील."
नाही रे, गंज सारखाच आहे.
मग तो गप्प.
मग मीही.
तेवीस वर्षं आम्ही रस्ता संपला असं समजून
मागं फिरत होतो.

काल पुढं गेलो.
पंधरा. सोळा. कुत्री होतीच,
एक म्हातारी कुत्री, तिनं मान सुद्धा उचलली नाही.
एकोणिसाव्याखाली उपडी होडी,
रंग उडून "मंग" एवढंच उरलेलं,
आणि तिच्या पाठीवर जवळा पसरून
हशाची सून बसलेली.
"अगं बाई," म्हणाली, "तुमी इथवर आलाव?
सासरा जाईपर्यंत बोलायचा,
त्या दोगांसाठी चौदाव्याला पाटी ठोकायला पायजे,
खारी हितं संपली म्हनून."
मूठभर जवळा कागदात बांधून दिला.
पैसे घेईना.

रात्री वर्गीसला सांगितलं सगळं.
होडी, कुत्री, कागद.
पाटीचं ऐकून हसला, मग खोकला, मग
बराच वेळ खोकलाच.
"पुढं काय दिसतं पण?"
पाणी, म्हणालो.
"तेच?"
तेच.
"खोटं बोलतोस."

आज पुन्हा फोन, सहाला पाच कमी.
"भरलंय की आटलंय?"
थांब, म्हणालो, बघून सांगतो.

काठावरच उभा होतो.