शेड नंबर चार

मार्टोन गेलेंचेर दारात उभा, बुटांवर अजून भुसा.
शीतपेटीत अकरा पिल्लं, टर्कीची, बारा दिवसांची.
प्रत्येकाच्या पायाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
शेड चार, शेड चार, शेड चार.
एवढंच त्यांचं नावगाव.

"खातात," तो म्हणाला, "पण अंगी लागत नाही.
दिव्याखाली गोळा होतात, एकमेकांवर चढतात,
आणि तो आवाज. चिवचिव नव्हे,
फुगलेलं दार कुरकुरतं तसा.
भुसा रोज बदलतो. रोज पिवळा फेस."
बाहेर टिसा नदी गोठलेली.
सेगेदपर्यंत सगळी शेतं पांढरी.

मी कात्रीनं पोट उघडलं.
आतडं कसं असावं हे बोटांना ठाऊक असतं:
गुलाबी, दाट, थोडं हट्टी.
हे पलीकडचं बोट दिसेल इतकं पातळ,
आणि वारा भरलेलं.
मग वाटणं, गरगर फिरवणं, गाळणं.
बॅक्टेरिया अडकतात त्या गाळणीतून
जे निसटतं, त्याचाच शोध.

रात्री साडेनऊला हिरव्या पडद्यावर ते उमटले:
पाच टोकांचे, सहा टोकांचे,
लहान मुलानं पहिल्यांदाच काढाव्यात तशा चांदण्या.
ॲस्ट्रो.
शेजारी रोटाची चाकं, आऱ्यांसकट.
सकाळी पीसीआरनं तिसरं नाव दिलं, रिओ.
मी वहीत तिघांना ओळीनं बसवलं
आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग शेड दोनची पाकिटं उघडली.
शेड दोन ठणठणीत. तिथली पिल्लं
मार्टोनच्या बुटांचे बंद ओढतात.
त्यांच्याही विष्ठेत त्याच चांदण्या,
तीच चाकं.
चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणतात.
इथं दोघांचा चेहरा एकच.

"एक नाव सांग," मार्टोन फोनवर म्हणाला,
"विम्याच्या कागदावर रकाना एकच आहे."
मी म्हटलं, तीन आहेत,
आणि तिघंही शेजारच्या घरी जेवून जातात,
काही न मोडता.

पलीकडे पंख्याची घरघर.
बराच वेळ नुसती घरघर.
मग तो म्हणाला, "पिल्लं आली त्या रात्री
चारचा हीटर बंद पडला होता. दोन तास.
कदाचित तीन. मला झोप लागली होती."

वहीत विषाणूंना जागा आहे, तारखेला आहे,
नमुन्याच्या वजनाला आहे.
मी पेन्सिलीनं समासात लिहिलं:
पहिली रात्र, थंडी, दोन तास.
दोनवर काट मारून तीन केले.
पुढं प्रश्नचिन्ह.
झोपेचं काही लिहिलं नाही.